दीड वर्षाचं लेकरू अचानक अंगावर पिईना, तेव्हा

माझा मुलगा तेव्हा १६ महिन्यांचा होता. एका मंगळवारी रात्री पिता पिता त्याने कचकन चावलं आणि मी किंचाळले. इतक्या जोरात, की स्वयंपाकघरात विरजण लावत असलेल्या सासूबाई हातात चमचा तसाच घेऊन धावत आल्या. बाळ दचकलं, ओठ काढून रडलं आणि रडत रडतच खांद्यावर झोपलं. पहाटे नेहमीच्या वेळी जवळ घेतलं तर त्याने तोंड फिरवलं. सकाळीही तेच. दुपारी पाठीची कमान करून लाथा झाडल्या. संध्याकाळी मी पाजायला बसते तशी भिंतीला टेकून नुसती मांडी घातली, तर तो लांबूनच मान हलवायला लागला.

शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. सासूबाई म्हणाल्या, "आपण होऊन सोडलंन तर बरंच झालं की. कडू लावायची वेळ आली नाही." त्यांच्या काळी अंगावरचं तोडायला कडुलिंबाचा पाला वाटून नाहीतर कोरफडीचा गर छातीला लावायचे. त्या मानाने हे फारच सोपं झालं, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मला मात्र तोडायचं नव्हतं. छाती दगडासारखी झाली होती, आणि त्याहून जास्त लागलं होतं ते त्याचं मान हलवणं.

नवव्या दिवशी तो परत प्यायला आणि पुढे सव्वादोन वर्षांचा होईपर्यंत पीत होता. त्या दिवसांत मी जे बरोबर केलं, जे चुकलं आणि जे नंतर डॉक्टरांकडून व स्तनपान-सल्लागार बाईंकडून समजलं, ते क्रमाने सांगते.

आधी ठरवा: रुसलंय की सुटलंय

मूल खरोखर दूध सोडतं तेव्हा ते एका रात्रीत सोडत नाही. आधी दुपारचं पिणं खेळाच्या नादात राहून जातं, मग सकाळचं जातं, शेवटी झोपतानाचं तेवढं उरतं आणि एक दिवस तेही विसरलं जातं. याला आठवडे, कधी महिने लागतात आणि त्यात मूल खुशीत असतं. आपण होऊन असं सुटणं बहुतेक वेळा दोन ते चार वर्षांच्या दरम्यान होतं. वर्षाच्या आतलं बाळ अचानक पिईनासं झालं, तर तो जवळजवळ नेहमी रुसवाच समजायचा.

रुसव्याची लक्षणं वेगळी. कालपर्यंत दिवसात चार-पाच वेळा पिणारं मूल आज एकदाही पीत नाही. ते चिडचिडं असतं, जवळ येतं आणि ढकलतं, अंगठा चोखतं, झोप येत असून झोपत नाही. कधीपासून, असं कोणी विचारलं तर तुम्हाला वार आणि वेळ सांगता येते. हे असं असेल तर पुढचं वाचा. बहुतेक रुसवे दोन-चार दिवसांत निवळतात, काही आठवडाभर चालतात, एखादा त्याहून जास्त.

"आता त्या दुधात काय राहिलंय, पाणीच ते" हे वाक्य तुम्हाला याच दिवसांत नक्की ऐकू येईल. एक ते दोन वर्षांच्या मुलाला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा अंगावरच्या दुधातून मिळू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध आणि मग वरच्या अन्नासोबत २ वर्षं किंवा त्यापुढेही, हा तिचा सल्ला आहे. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात.

तोंडात डोकवा

पहिल्याच दिवशी, इतर काहीही करण्याआधी, मुलाला खिडकीच्या उजेडात आणा. दोघं मोठे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसा. मूल एकाच्या मांडीवर बसवा आणि हळूच दुसऱ्याच्या मांडीवर डोकं येईल असं आडवं करा. दातांचे डॉक्टर लहान मुलांना असंच तपासतात. मूल रडेल, रडू दे. रडताना तोंड मोठं उघडतं.

हात धुऊन करंगळी हिरड्यांवरून फिरवा. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात आणि त्या पुढच्या दातांसारख्या गुपचूप येत नाहीत. हिरडी फुगते, कधी निळसर दिसते, बोट लावलं की मूल झटका मारतं. मग गालाच्या आतली बाजू, जीभ आणि घशाकडचा भाग बघा. पुसल्यावर न निघणारे पांढरे डाग असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि तोच तुमच्या स्तनाग्रांनाही झालेला असू शकतो, म्हणून औषध दोघांना लागतं. तोंड आलेलं असेल आणि सोबत तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर तो हँड-फूट-माउथ नावाचा विषाणूमुळे होणारा आजार. पावसाळ्यात पाळणाघरातल्या एका मुलाला झाला की ओळीने सगळ्यांना होतो.

कान दुखत असेल तर मूल आडवं धरल्यावर ओरडतं आणि उभं धरल्यावर जरा शांत होतं. नाक चोंदलं असेल तर पकडतं, दोन घोट घेतं, श्वास अडकतो म्हणून सोडतं आणि संतापतं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे लस. १६ ते २४ महिन्यांत बूस्टरची सुई मांडीत बसते. त्या मांडीवर दाब येईल अशा कुशीवर धरलं की मूल पीत नाही. दुसऱ्या बाजूने धरून बघा.

उपाय त्या त्या दुखण्याचा. नाकासाठी पाजण्याआधी दहा मिनिटं सलाइनचे थेंब टाका आणि उभं धरून पाजा. ओवा-कापराची पुरचुंडी आणि कापूर असलेले बाम दोन वर्षांखालच्या मुलापासून लांब ठेवा. कापूर पोटात किंवा जास्त प्रमाणात श्वासात गेला तर झटके येऊ शकतात. हिरड्या बधिर करणारी जेलही या वयात नको. फ्रीजमध्ये गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं चघळायला दिलेलं पुरतं. दुखणं जास्त असेल तर डॉक्टरांनी वजन बघून सांगितलेलं पॅरासिटामोल द्या आणि अर्ध्या तासाने पाजून बघा.

आमच्या घरी मी हे चौथ्या दिवशी केलं. खालची डावी दाढ वर येत होती. म्हणजे तो चावला होता तोच मुळी दाढ शिवशिवत होती म्हणून, आणि मी तीन दिवस सगळा दोष माझ्या किंचाळण्याला देत बसले होते. चार मिनिटांची तपासणी मंगळवारीच केली असती तर!

मग स्वतःकडे आणि घराकडे

एक कागद घ्या आणि मागच्या आठवड्यात काय काय बदललं ते लिहून काढा. नवीन साबण, अंगाला लावायचं तेल, केसांतला गजरा, कंबर दुखते म्हणून चोळलेलं मलम: मुलाला आईचा वास पाठ असतो आणि तो बदललेला त्याला चालत नाही. स्तनाग्रांना काही मलम लावत असाल तर त्याचीही चव लागते.

दुधाची चवही बदलते. स्तनाला सूज किंवा संसर्ग झाला की दूध खारट होतं. पाळीच्या आसपास एक-दोन दिवस काही मुलं कुरकुरतात. दिवस राहिले असतील तर दूध कमी होतं आणि चव पालटते. अशा वेळी काही मुलं खरंच सोडतात. तेव्हा पाळी चुकली असेल तर आधी तपासणी करून घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि सर्दीवरची काही औषधं, विशेषतः स्यूडोएफेड्रिन असलेली, दूध कमी करतात. मुलाला वाटतं, एवढं ओढून काही येतच नाही.

राहिलं घर. तुम्ही दोन रात्री बाहेरगावी होता का? पाळणाघर सुरू झालं? सांभाळणाऱ्या मावशी बदलल्या? घरात मोठ्याने भांडण झालं? आणि हे नीट आठवा: कोणी त्याला चिडवलं का? "एवढा मोठा घोडा झाला, अजून आईचं पितो? छी छी!" लग्नकार्यात, बारशाला हे वाक्य किमान तिघं तरी टाकतात. दीड वर्षाच्या मुलाला शब्द जेमतेम कळत असले तरी "छी"चा सूर पक्का कळतो.

मूल एकाच बाजूचं नाकारत असेल तर कान, सुई, एका बाजूला कमी पडलेलं दूध अशी कारणं आधी शोधा. पण ते लांबलं, किंवा त्या बाजूला गाठ हाताला लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा काही निघत नाही, तरी दाखवा.

दूध काढत राहा

इथे बहुतेकींचं चुकतं, माझंही पहिले दोन दिवस चुकलं. मूल पीत नाही म्हणून आपण तशाच बसतो, छाती भरून येते, ठणकते, आणि शरीर समजतं की आता गिऱ्हाईक नाही. चार-पाच दिवसांत दूध कमी होतं. मग मूल परत आलं तरी त्याला काही मिळत नाही आणि ते पुन्हा रुसतं.

मूल जितक्या वेळा पीत होतं तितक्या वेळा आणि साधारण त्याच वेळांना दूध काढा. दीड वर्षाच्या मुलासाठी हे दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं एवढंच असतं. पंप असेल तर उत्तम, नसेल तर हात पुरतात.

हाताने काढायचं असं. हात धुवा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं छातीवर ठेवा. अंगठा वरून आणि पहिली दोन बोटं खालून, इंग्रजी सी अक्षरासारखी धरा, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटिमीटर मागे. आता तीन हालचाली: आधी बोटं छातीच्या फासळ्यांकडे मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाबा, आणा, सोडा. बोटं कातडीवरून घासत पुढे ओढायची नाहीत आणि स्तनाग्र चिमटायचं नाही, तिथे दूध नसतंच. पहिलं मिनिटभर काही येत नाही, मग थेंब येतात, मग एकदम पान्हा फुटतो आणि बारीक धारा उडतात. धार मंदावली की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून दुसऱ्या जागी धरा.

ताणात असलेली बाई गाईसारखाच पान्हा चोरते, यात लाजायचं काही नाही. मी मुलाचं न धुतलेलं झबलं नाकाशी धरून बसायचे. पहिल्या दिवशी चहाच्या कपाचा तळ जेमतेम झाकला गेला. तिसऱ्या दिवशी त्याच कपात बोटभर होतं. काढल्यावर जेवढं निघतं त्यावरून स्वतःला मार्क देऊ नका, मूल हातापेक्षा जास्त ओढतं. अळिवाचे लाडू आवडत असतील तर जरूर खा, पण दूध टिकतं ते काढल्याने.

काढलेलं दूध झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, वर तारीख-वेळ लिहून ठेवा. साधारण २५ अंशांच्या खोलीत ते ४ तास टिकतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात खोली २५ अंशांवर असते कुठे, तेव्हा सरळ फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. तिथे ४ दिवस चालतं. दारातल्या कप्प्यात ठेवू नका. प्यायला देताना भांडं कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर उकळू नका. उष्टं राहिलेलं दोन तासांनंतर टाकून द्या.

गाठी झाल्या तर खसाखसा चोळू नका. "चोळून फोड" हा जुना सल्ला आता मागे पडला आहे, कारण जोरात चोळल्याने आतली सूज वाढते. हळुवार हात फिरवा, दूध काढून झाल्यावर गार पट्टी ठेवा, आणि गाठ आहे म्हणून त्या बाजूचं दूध दुप्पट वेळा उपसूही नका. छाती लाल, तापलेली, सोबत थंडी वाजून ताप असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाळंत बाईला चालणारी प्रतिजैविकं असतात, दूध टाकून द्यावं लागत नाही.

नोकरी करणाऱ्यांना हे सगळं ऑफिसात करावं लागतं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन सुट्ट्या कायद्याने मिळतात. त्यानंतर साहेबांशी बोलूनच वेळ काढावा लागतो. प्रवासात असाल तर एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष शोधा. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव त्या खोलीला दिलंय. सगळीकडे तो उघडा असतोच असं नाही. चौकशी खिडकीवर किल्ली मागा.

मुलाच्या पोटात काय जातंय

"भूक लागली की येईल झक मारत" हा सल्ला मनावर घेऊ नका. उपाशी, चिडलेलं मूल छातीशी आणखी भांडतं. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा छोट्या पेल्याने द्या. बाटली या वयात नव्याने सुरू करू नका. ती सोपी पडते, म्हणूनच नको. माझ्या मुलाने आईचं दूध पेल्यातून घ्यायलाही पहिले दोन दिवस नकार दिला. मग सासूबाईंनी ते नाचणीच्या सत्त्वात गार करून घातलं, आणि हे शहाणपण माझं नाही, त्यांचंच.

वर्ष ओलांडलेलं मूल दुसऱ्या अन्नावर चार दिवस व्यवस्थित निघतं. मऊ भात-वरण, खिचडी, केळं, उकडलेला बटाटा, अंडं चालत असेल तर अंडं. तोंड आलं असेल तर ताक, संत्रं, टोमॅटो झोंबतात. गार केलेली पेज किंवा खीर द्या. गाईचं-म्हशीचं दूध वाढवायचा मोह होतो, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नका, नाहीतर जेवण सुटतं आणि रक्तातलं लोह कमी होतं. पाणी अधूनमधून विचारत राहा.

छातीशी परत आणताना

एकच नियम पाळा, बाकीचे विसरलात तरी चालेल: डोकं मागून धरून छातीवर दाबायचं नाही. मी हे दुसऱ्या दिवशी केलं. घाबरले होते म्हणून केलं. त्यानंतर तो माझ्या मांडीवर आडवा व्हायलाही तयार नव्हता, खेळताना घेतलं तरी ताठ व्हायचा. तो ताठरपणा जायला तीन दिवस लागले.

म्हणून सुरुवात दूध न देता करा. मांडी, कुशी, आईचा वास या गोष्टी त्याला पुन्हा बिनधोक वाटल्या पाहिजेत. त्याला तेल लावा, एकत्र अंघोळ करा. दुपारी पंख्याखाली त्याला नुसत्या लंगोटावर आणि तुम्ही ओढणी पांघरून शेजारी पडा. दूध दिसतंय, जवळ आहे, पण कोणी देत नाहीये. दोन दिवस एवढंच केलंत तरी पुष्कळ. त्याने हात लावला, गाल टेकवला, तर तुम्ही हलू नका, बोलू नका आणि आनंदाने "हो हो, घे घे!" तर मुळीच म्हणू नका.

मग झोपेची वेळ पकडा. पूर्ण जागं मूल विचार करून नकार देतं, पेंगुळलेलं मूल सवयीने तोंड उघडतं. गाढ झोप लागायच्या आधीची पाच मिनिटं, आणि पहाटे कूस बदलतं तो क्षण, या दोन वेळा सोन्याच्या. आधी थोडं दूध हाताने काढून पान्हा आणून ठेवा, म्हणजे पहिल्याच घोटाला धार लागेल. कुशीवर झोपा, त्याचं पोट तुमच्या पोटाला लागेल असं जवळ घ्या, स्तनाग्राने त्याच्या वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि दुधाचा एक थेंब ओठावर सोडा. तोंड फिरवलं तर लगेच थांबा, थोपटा, झोपू द्या.

जागेपणी करायचं तर चालता चालता करा. काही मुलं बसलेल्या आईकडे पीत नाहीत, पण कडेवर घेऊन अंधाऱ्या खोलीत फेऱ्या मारल्या की पितात. झोपाळा असेल तर झोपाळ्यावर, नाहीतर साडीच्या झोळीत छातीशी बांधून. जागाही बदला. जिथे चावणं आणि किंचाळणं झालं तो पलंग काही दिवस टाळा. आमच्याकडे गच्ची उपयोगी पडली.

दीड वर्षाच्या मुलाशी खेळूनही खूप साधतं, ही तान्ह्यापेक्षा जमेची बाजू. बाहुलीला दुदू द्या. अस्वलाला द्या. "अस्वल म्हणतंय, आई, दुखतंय" असं म्हणा आणि बघा तो काय करतो. अंघोळीत दुधाची चिळकांडी त्याच्या पोटावर उडवा, मग हनुवटीवर, मग हसता हसता उघडलेल्या तोंडात. चावल्यावर तुम्ही ओरडला असाल तर साध्या शब्दांत सांगा: "आई ओरडली. तू घाबरलास. आईला दुखलं होतं. आता नाही ओरडणार." हे सांगताना मला वेड्यासारखं वाटलं होतं, पण तो माझ्या गळ्याला हात लावून ऐकत होता.

एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त प्रयत्न नको. दोघांपैकी एकाच्याही डोळ्यांत पाणी आलं की बंद. बाबाकडे द्या, बाल्कनीत कावळे दाखवू द्या. दिवसात दोन-तीनदा प्रयत्न पुरे.

आमच्याकडे नवव्या पहाटे चारच्या सुमाराला तो कुशीत सरकला आणि त्याने स्वतःच शोधलं. तीन मिनिटं प्यायला, सोडलं, पाठ करून झोपला. सकाळी पुन्हा नाही म्हणाला. रात्री पुन्हा प्यायला. एकदा प्यायलं म्हणजे रुसवा संपला असं होत नाही. पुढचे चार दिवस असंच खाली-वर चालतं आणि तेवढे दिवस दूध काढणं सुरूच ठेवायचं.

परत आलं आणि परत चावलं तर

मूल मनापासून पीत असताना चावू शकत नाही, कारण खालच्या दातांवर जीभ असते. चावणं होतं ते शेवटी, पोट भरल्यावर, चाळा म्हणून. तेव्हा गिळण्याचा आवाज थांबला, जबडा घट्ट व्हायला लागला की करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा आणि सोडवा. चावलंच तर मागे ओढू नका, जखम होते. उलट त्याचं तोंड क्षणभर छातीकडे जवळ घ्या; नाक दबल्यासारखं झालं की ते आपण होऊन तोंड उघडतं. मग सपाट आवाजात "नाही. आईला दुखतं" आणि पिणं पाच मिनिटं बंद. दाढ येतेय तोवर पाजण्याआधी गार फडकं चघळायला द्या.

घरातली माणसं

त्यांना नेमकं काम द्या, म्हणजे सल्ले कमी होतात. नवऱ्याने दूध काढायच्या वेळी मुलाला खाली फिरवायचं. आजीने वाटी-चमचा सांभाळायचा. आणि मुलासमोर या विषयावर चर्चा बंद, फोनवर मावशीला सांगणंसुद्धा. "प्यायला का? प्यायला का?" हे दिवसात दहा वेळा विचारणाऱ्या माणसाला भाजी आणायला पाठवा.

डॉक्टरांकडे कधी

सहा-आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडून आहे: यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, रात्र असली तरी. जेवण, पाणी, पेल्यातलं दूध सगळंच नाकारत असेल तर तो रुसवा नसून आजार आहे असं समजून चला. ताप दोन दिवसांच्या वर गेला, कान ओढतंय, तोंडात फोड आहेत, तरीही जा. मूल वर्षाच्या आतलं असेल तर यातली कुठलीच वाट बघू नका, पहिल्याच दिवशी फोन करा.

नाहीच आलं परत तर

दोन आठवडे नेटाने प्रयत्न केलेत आणि मूल मजेत खातंपितं, छातीकडे फिरकतही नाही, तर ते सुटलं असं समजायला हरकत नाही. दूध काढणं मात्र एकदम थांबवू नका. दर तीन दिवसांनी एक वेळ कमी करा, उरलेल्या वेळी छाती हलकी वाटेल एवढंच काढा, रिकामी करू नका. छाती फडक्याने आवळून बांधू नका, गाठी होतात. आधार देणारी पण सैल ब्रा आणि गार पट्ट्या पुरतात. दक्षिणेत मोगऱ्याची फुलं छातीवर बांधून दूध आटवायची जुनी रीत आहे. तेव्हा अजून पाजायचं असेल त्या आठवड्यात गजरा केसांतच राहू द्या. दूध आटवायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका.

दूध एकदम कमी झालं की संप्रेरकं बदलतात आणि कारण नसताना रडू येतं. ते आठ-दहा दिवसांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे.

बंद केल्यावरही दाबलं की थेंबभर दूध कित्येक आठवडे, काहींना महिनोन्‌महिने येत राहतं. आहे का अजून, हे बघायला रोज दाबू नका. दाबत राहिलात तर येतच राहील.